बडोद्यातल्या एका सेस्ना १७२ला नवं इंजिन कोणतं? : एक प्रकरण अभ्यास

हरणी विमानतळावरच्या एका हँगरमध्ये १९७८ सालचं सेस्ना १७२एन हे चार आसनांचं छोटं विमान उभं असतं. मालक तिघे आहेत. पेट्रोकेमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले केमिकल इंजिनिअर, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. त्यांचा पुतण्या, त्याचं मकरपुरा जीआयडीसीत मशीन शॉप आहे. आणि तिसरे दांडिया बाजारात दवाखाना असलेले डॉक्टर. मी त्यांच्या विमानाची देखभाल पाहतो. धुळे, इंदूर, भावनगर अशा तास-सव्वा तासाच्या फेऱ्यांसाठी विमान वापरलं जातं. बहुतेक वेळा दोघं-तिघं बसतात, चौघं क्वचित.

मागच्या तपासणीत ऑइल फिल्टर कापून पाहिला तेव्हा त्याच्या घड्यांत चकाकणारे बारीक कण निघाले आणि ते लोहचुंबकाला चिकटले. अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही, बेअरिंगवरचा मुलामाही चिकटत नाही. राहतं पोलाद. या इंजिनात पोलादाचे कण निघाले की पहिला संशय कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, जातो. रॉकर कव्हर उघडून डायल गेजने व्हॉल्व्हची उचल मोजली. पुढच्या जोडीचे इनटेक व्हॉल्व्ह कमी उचलले जात होते. लायकमिंग या अमेरिकी कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच्या एकाच लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, चालतात. त्या लोबवर दुप्पट काम पडतं आणि झीजही तिथेच आधी दिसते. लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट बाहेर काढले तर दोघांच्या तोंडावर खड्डे पडलेले. शेवटच्या ओव्हरहॉलनंतर इंजिन सुमारे १,४०० तास चाललं होतं. लायकमिंगची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते. वर्षांच्या हिशेबाने मुदत तशीही संपत आली होती.

म्हणजे इंजिन उतरवायचं हे ठरलेलंच होतं. वाद होता तो त्या जागी काय बसवायचं याचा.

हे इंजिन लायकमिंग ओ-३२०-एच२एडी. १९७७च्या मॉडेलपासून सेस्नाने १७२एनमध्ये ते घातलं. १६० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन ९:१, आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी मुद्दाम आखलेलं. पण सुरुवातीपासूनच कॅम आणि टॅपेट झिजण्याची तक्रार त्याच्या मागे लागली. लायकमिंगने मोठे टॅपेट दिले, केसमध्ये फेरफार केले, आणि अमेरिकी नियामकाने एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठीचा सक्तीचा आदेश, काढून एलडब्ल्यू-१६७०२ हे ऑइल अ‍ॅडिटिव्ह बंधनकारक केलं. सेस्नाने १९८१च्या १७२पीमध्ये हे इंजिन सोडून ओ-३२०-डी२जे घेतलं. एच२एडीची आणखी एक गोष्ट मला कधीच आवडली नाही. ठिणगीसाठी वीज देणारे त्याचे दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच शाफ्टवर चालतात. दोन मॅग्नेटो असतात ते एक बंद पडला तरी दुसऱ्याने इंजिन चालत राहावं म्हणून. इथे तो एकच शाफ्ट गेला की दोन्ही गेले.

तरीही सगळा दोष इंजिनाच्या माथी मारणं मला पटत नाही. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन बंद झालं की तेल खाली निथळतं आणि कॅम कोरडा पडतो. हे विमान पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभं राहिलं होतं. बडोद्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे विश्वामित्रीला पूर आणि हँगरच्या भिंतींनाही घाम. त्या दमट हवेत कोरड्या कॅमवर गंजाचे ठिपके येतात, आणि पुढे इंजिन सुरू झालं की त्या ठिपक्यांतूनच पापुद्रे निघायला लागतात. मधूनमधून जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवण्याची सवय तर आणखी घातक, कारण तेल पुरतं तापत नाही आणि ज्वलनातून आलेलं पाणी आतच राहतं. लायकमिंग सांगते की महिन्यातून निदान एकदा सलग तासभर उडवा आणि तेलाचं तापमान ७४ अंश सेल्सिअसच्या वर न्या. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग नवीन इंजिनही असंच जाईल." मी हो म्हटलं. पर्यायांचा विचार सुरू करण्याआधीच पावसाळ्याचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लागलं. उडता येत नसेल तर सिलिंडरांत ओलावा शोषणारे प्लग आणि प्रिझर्व्हेटिव्ह तेल, हेही त्यात लिहिलं.

पर्याय पहिला : आहे तेच इंजिन पुन्हा

पुतण्याचं मत सरळ होतं. ओव्हरहॉल करा, सुधारित टॅपेट आणि नवा कॅम घाला आणि उडा. यात कागदपत्रं सर्वांत कमी. टाइप सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे विमानाच्या मान्य रचनेच्या कागदात, हेच इंजिन आहे, प्रोपेलर तोच, काउलिंग तेच, वजनही जवळपास तेवढंच. एच२एडीचा एक खरा फायदाही आहे. त्याचे टॅपेट बाहेरून काढता येतात, केस फोडावी लागत नाही. आम्हाला दोष इतक्या लवकर दिसला तो त्यामुळेच. लायकमिंगच्या इतर जुन्या इंजिनांत मशरूमसारखे टॅपेट असतात. ते पाहायचे तर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

अडचण सुट्या भागांची. एच२एडीची क्रँककेस आणि मागचं अ‍ॅक्सेसरी हाउसिंग इतर ओ-३२०शी जुळत नाही. जगात दुसऱ्या ओ-३२०चे भाग भरपूर मिळतात, पण ते इथे लागत नाहीत. केसला तडा निघाला तर नेमकी तीच केस शोधत बसायचं. मकरपुऱ्यात क्रँकशाफ्ट ग्राइंड करणारी हुशार माणसं आहेत, पुतण्या स्वतः त्यांच्यातला. पण विमानाच्या भागावर मान्यताप्राप्त संस्थेच्या सर्टिफिकेटशिवाय हात लावता येत नाही, आणि यात सवलत असू नये असंच माझं मत आहे.

मग पुतण्याने विचारलं की गाडीचं पेट्रोल चालेल का. आपल्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लायकमिंगच्या इंधनविषयक सूचना इथेनॉलमिश्रित पेट्रोलला परवानगी देत नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या विमानाच्या रबरी सील-नळ्यांना ते सोसत नाही. हा विषय तिथेच संपला.

पर्याय दुसरा : डिझेल

डॉक्टरांचा जीव या पर्यायात होता, आणि त्यांची बाजू हलकी नव्हती. कॉन्टिनेन्टलचं सीडी-१३५ हे मूळ जर्मनीतल्या टीलर्ट कंपनीचं इंजिन, मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनावरून घडवलेलं. दोन लिटरचं, पाण्याने थंड होणारं, टर्बोचार्ज केलेलं. गिअरबॉक्समधून प्रोपेलर फिरतो आणि सगळा कारभार संगणकाकडे असतो. १७२एनमध्ये बसवण्यासाठी त्याचं पुरवणी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे एसटीसी (मूळ रचनेत बदल करण्याची मान्यता), आहे. ते एटीएफवर, म्हणजे जेट विमानांच्या इंधनावर, चालतं, आणि एटीएफ प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळतं. क्रूझमध्ये तासाला साधारण २० लिटर लागतं. आमच्या एच२एडीला ३२.

वजनाचा हिशेब मांडून पाहिला. चार तासांचं इंधन घेतलं तर एव्हीगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, १२८ लिटर, ०.७२ घनतेने ९२ किलो. डिझेलला ८० लिटर एटीएफ, ०.८ घनतेने ६४ किलो. इंधनात २८ किलो वाचतात. पण रेडिएटर, कूलंट, गिअरबॉक्स, टर्बो आणि कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर यांनी रिकाम्या विमानाचं वजन वाढतं. लांबच्या फेऱ्यांत हे फिटतं. धुळ्याच्या एका तासाच्या फेरीत वाचलेलं इंधन वजन भरून काढत नाही.

ताकदीच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी आम्हाला विचार करायला लावलं. "१३५ कमी दिसतात, पण मे महिन्यात बघा," असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. बडोद्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच. पण मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि उतरलेला हवेचा दाब धरला की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून निघणारी उंची, साडेतीन हजार फुटांच्या आसपास जाते. साधं, विनाटर्बो इंजिन त्या हवेत सुमारे ११ टक्के ताकद गमावतं. १६०चे १४२ होतात. टर्बो डिझेल आपले १३५ बऱ्यापैकी टिकवतं. कागदावरचा २५चा फरक उन्हात सातवर येतो.

त्याच उन्हात डिझेलला दुसरी काळजी लागते. त्याचं कूलंट, गिअरबॉक्सचं तेल आणि इंटरकूलर या सगळ्यांना थंड हवा हवी असते. भर दुपारी जमिनीवरून टॅक्सी करून लगेच लांब चढाई केली की पायलटचा एक डोळा सतत तापमानावर ठेवावा लागतो. अशक्य अजिबात नाही. डिझेलवर चालणारी डीए-४२ ही दोन इंजिनांची विमानं आपल्याकडच्या उड्डाण शाळांत रोज उडतात. पण ती मुळातच डिझेलसाठी बांधलेली आहेत, आणि त्यांच्यामागे पूर्णवेळ देखभालीची यंत्रणा असते.

विजेचा प्रश्न मला जास्त गंभीर वाटला. मॅग्नेटोवरचं इंजिन बॅटरी मेली तरी चालतं. संगणकावरच्या इंजिनाला वीज लागतेच. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे एका डीए-४२चं उड्डाण होताच, चाकं वर घेताना, दोन्ही इंजिनं बंद पडली होती. बॅटरी आधीच उतरलेली होती, चाकांच्या मोटरने व्होल्टेज आणखी खाली ओढलं आणि दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले. पुढे यंत्रणा सुधारण्यात आल्या. पण इंजिन बॅटरीच्या तब्येतीशी बांधलं गेलं की हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या विमानाच्या मालकाला ती शिस्त पाळता येईल का, हे विचारावंच लागतं.

आणि शेवटी मालकीचा इतिहास. टीलर्ट २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुट्या भागांसाठी आणि वॉरंटीसाठी जगभरचे मालक अडकले. २०१३ मध्ये चिनी मालकीच्या कॉन्टिनेन्टलने ती घेतली, तेव्हा गोष्टी रुळावर आल्या. या इंजिनाचं ओव्हरहॉल नेहमीच्या अर्थाने होत नाही. ठरलेले तास झाले की इंजिन बदलायचं, गिअरबॉक्सचीही मुदत वेगळी. म्हणजे मालक कायमचा एकाच पुरवठादारावर अवलंबून. वर्षाला ६०० तास उडणाऱ्या शाळेला इंधनातली बचत हे सगळं परत देते. या तिघांचं विमान त्याच्या जवळपासही उडत नाही.

कोयलीची गोष्ट

डिझेलच्या बाजूचा सर्वांत जुना युक्तिवाद होता की भारतात एव्हीगॅस मिळत नाही. तो बरीच वर्षं खराही होता. १००एलएल या जातीचं हे इंधन सगळं परदेशातून पिंपांत भरून यायचं, कधी उशिरा यायचं, आणि किंमत तर विचारायचीच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी एव्हीगॅस १००एलएल बाजारात आणलं. ते तयार होतं ते गुजरात रिफायनरीत, म्हणजे आमच्याच कोयलीत. हे सांगताना काकांचा आवाज चढला होता. आयुष्य त्याच पट्ट्यातल्या कारखान्यांत गेलेला माणूस. ते म्हणाले, "आपल्या गावात बनणारं इंधन सोडून आपण डिझेलकडे का जायचं?" त्यांच्या अभिमानात हिशेबही होता. घरच्या तळावर इंधन नक्की मिळणार असेल तर डिझेलची मोठी बाजू लंगडी पडते. धुळ्याला किंवा भावनगरला जाऊन यायला टाकीतलं पुरतं. वाटेत भरण्याची वेळ येत नाही.

पण काका केमिकल इंजिनिअर आहेत, आणि पुढचा प्रश्नही त्यांनीच काढला. १००एलएलमधल्या "एलएल"चा अर्थ कमी शिसं असा असला तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं त्यात असतंच. युरोपीय संघाने टेट्राएथिल लेडवर १ मे २०२५ पासून विशेष परवान्याचं बंधन घातलं आहे. अमेरिकेत २०३० पर्यंत शिसेविरहित इंधनाकडे जाण्याचं उद्दिष्ट आहे. आज बसवलेलं इंजिन १२ वर्षं तरी चालवायचं. तेवढ्यात टाकीत काय पडणार?

या प्रश्नाने माझा कौल ठरवला. एच२एडी १६० अश्वशक्तीचं लहान इंजिन खरं, पण ९:१ कॉम्प्रेशनमुळे त्याला १०० ऑक्टेनच लागतं. त्याच्याहून मोठं ओ-३६०-ए४एम १८० अश्वशक्ती देतं, तेही ८.५:१वर. लायकमिंगच्या यादीत त्याला ९१ ऑक्टेनची शिसेविरहित विमान-इंधनंही मान्य आहेत. शिसं निघालं की ऑक्टेन गाठणं अवघड होतं, आणि जगात आतापर्यंत सहज बनू शकलेली शिसेविरहित इंधनं ९१ ते ९४च्या घरातली आहेत. उद्या कोयलीत किंवा आणखी कुठे शिसं थांबलं तर हे इंजिन उभं राहील. एच२एडीसमोर तेव्हा मोठं प्रश्नचिन्ह असेल.

पर्याय तिसरा, जो घेतला

ओ-३६०-ए४एम १७२एनमध्ये बसवायचं एसटीसी अमेरिकेत अनेक वर्षांपासून वापरात आहे. पुतण्याने लगेच आक्षेप घेतला : "दादा, आपल्याला २० घोडे जास्त कशाला? बडोद्याची धावपट्टी जवळपास अडीच किलोमीटर आहे." त्याचा आक्षेप रास्त होता. ताकदीसाठी म्हणून मी हे इंजिन सुचवलंच नसतं. पण मे महिन्याचं तेच गणित इथे लावलं तर १८०चे १६० राहतात. म्हणजे सेस्नाच्या पुस्तकात थंड, प्रमाणित हवेसाठी जी कामगिरी छापली आहे, तेवढी ताकद आम्हाला बडोद्याच्या उन्हाळ्यात मिळते. आणि क्रूझमध्ये पूर्वीच्याच वेगाने उडवलं तर लागणारी ताकद तेवढीच, म्हणून इंधनही जवळपास तेवढंच. जास्त पेट्रोल जातं ते थ्रॉटल पुढे ढकलणाऱ्या हाताने.

वजनात खरा फायदा निघाला. एसटीसीबरोबर कमाल वजन २,३०० पौंडांवरून २,५५० पौंडांवर नेता येतं, म्हणजे १,०४३ किलोवरून १,१५७ किलो. बदल्यात उतरताना पंखांमागे खाली वळणारे फ्लॅप ४० ऐवजी ३० अंशांपुरते मर्यादित करावे लागतात. आमचं विमान रिकामं ६९० किलोचं. नव्या इंजिनाचे, प्रोपेलरचे मिळून दहा किलो वाढले असं धरलं तरी उचलण्याजोगं वजन ३५३वरून ४५७ किलोवर जातं. चार माणसं आणि पुरेसं इंधन, हे या विमानाला आधी जमत नव्हतं. फ्लॅपची मर्यादा डॉक्टरांना खुपली, कारण ४० अंशांवर उतरताना त्यांना उतार छान धरता येतो. पण १७२एन ४० अंशांवर असताना गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, करावा लागला तर विमान किती रडतखडत चढतं, हे ज्याने अनुभवलंय तो ३० अंशांवर खूश असतो. मी त्यांतलाच. शिवाय ए४एमला दोन वेगळे मॅग्नेटो आहेत, आणि माझ्यासाठी हे सगळ्या किलोंपेक्षा मोलाचं आहे.

कागदपत्रांत एका ठिकाणी आम्ही बरेच थांबलो. लायकमिंगच्या मॉडेल क्रमांकातलं प्रत्येक अक्षर मोजतं. एसटीसीत ए४एम लिहिलं असेल तर डेटा प्लेटवर ए४एमच हवं. "तसंच आहे, फक्त शेवटचं अक्षर वेगळं" असं सांगून स्वस्तात येणारं इंजिन घेतलं तर ते विमानावर बसेल, पण कागदावर बसणार नाही. एका मध्यस्थाने असं एक इंजिन दाखवलं होतं. आम्ही ते नाकारलं. एसटीसीधारकाकडून आमच्या सिरीअल नंबरच्या विमानासाठी लेखी परवानगी, अमेरिकी एसटीसीला डीजीसीएची, म्हणजे भारतीय विमान नियामकाची, मान्यता, नवा वजन-समतोल अहवाल, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी, चाचणी उड्डाण, विम्याला कळवणं, हे सगळं आधी वेळापत्रकात घातलं आणि मगच पैशांचं बोललो. पैशांत एक दिलासा होता. जुलै २०२४ पासून विमानाच्या आयात भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे. आधी कोणता भाग कोणत्या दरात बसतो यावरच वाद चालायचे.

कारखान्यातून नवं येणाऱ्या लायकमिंगमध्ये आता रोलर टॅपेट असतात, आणि कॅमवर घासण्याऐवजी ते लोळतात. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या विमानाला हे फार उपयोगी. मात्र तेच मॉडेल एसटीसीत मान्य असल्याचं एसटीसीधारकाकडून लेखी मिळाल्यावरच ऑर्डर द्यायची असं ठरलं. तसं उत्तर आलं नाही तर मशरूम टॅपेटचं ए४एम घ्यायचं, आणि पावसाळ्याची शिस्त आणखी कडक ठेवायची.

डॉक्टरांनी सही केली, पण त्यांचं मत नोंदवूनच. त्यांच्या मते भारतात दहा वर्षांनी सगळं हलकं उड्डाण एटीएफवर जाईल आणि आम्ही जुन्या बाजूला राहिलो आहोत. ते बरोबर ठरू शकतात. म्हणून भागीदारी करारात एक कलम घातलं. कोयलीचा पुरवठा सलग एक वर्ष तुटला, किंवा विमान वर्षाला ३०० तासांहून जास्त उडायला लागलं, तर डिझेलचा विचार पुन्हा पहिल्यापासून करायचा.

आता उरलेली बाब वेळेची. नवे सिलिंडर बसताना त्यांना सुरुवातीचे तास साधं मिनरल ऑइल आणि ६५ ते ७५ टक्के ताकद लागते, नाहीतर रिंगा बसत नाहीत आणि इंजिन कायम तेल पीत राहतं. एवढ्या ताकदीवर मे महिन्यात सिलिंडर हेडचं तापमान आवरत नाही. म्हणून इंजिन उन्हाळ्यात आलं तरी ते पेटीतच, प्रिझर्व्हेटिव्ह तेलासकट राहणार आहे. इंजिनाचं माउंट आणि हवा वळवणाऱ्या बॅफलचं काम दिवाळीनंतर सुरू होईल आणि पहिले २५ तास डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळच्या हवेत उडवले जातील. तेलाचा खप एका पातळीवर स्थिरावला की मग अ‍ॅशलेस डिस्पर्संट, म्हणजे नेहमीच्या वापराचं, तेल घालायचं, आणि पहिला फिल्टर कापताना तिघांनीही हँगरमध्ये हजर राहायचं, असं काकांनी सांगून ठेवलं आहे.